आतेचं सुतक

कुणी गेल्याची बातमी आली की माणसं 'अरेरे' म्हणतात, कधी गेले, काय झालं होतं, असं विचारतात. आमची आते विचारायची, "आडनाव काय तेचा?" मग गाव, मग वाडी, मग कुळाचा देव. एवढं कळलं की ती क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "तुमका दहा दिवस सुतक." किंवा, "नुसती आंघोळ करा, मोकळे." "हळहळा फक्त" असाही एक निकाल होता. तो ऑफिसातल्या माणसांसाठी आणि टीव्हीवर गेलेल्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असायचा.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्याच खोलीत, मी जन्मायच्या आधीपासून राहत होती. सगळी चाळ तिला आतेच म्हणायची. सुतकाच्या बाबतीत भटजी एक सांगतात, म्हातारे दुसरं सांगतात, मोबाइलवर तिसरंच येतं. पण आतेने सांगितलं की अख्खा मजला गप्प. चुलतसासरा गेलाय आणि परवा बारसं आहे, आजेसासूची बहीण गेली आणि घरात सत्यनारायण आहे, असं काही अडलं की बाया आमच्या दारात उभ्या. आते आधी त्यांना बसवायची, पाणी द्यायची, आणि त्यांच्याच घराण्याची अशी उजळणी करून घ्यायची की उठताना त्या बाईला आपलेच चार नवे नातेवाईक सापडलेले असायचे. आपल्या पणजोबांना भाऊ किती होते हे आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना आतेमुळे ठाऊक आहे.

तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी एकदा हळूच आली. रविवारी तिला बघायला येणार होते आणि तिला ते स्थळ नको होतं. "आते, आमच्याकडे कुणी लांबचं गेलेलं नाही का गं? रविवारपुरतं?"

आतेने खरोखर डोळे मिटून शोध घेतला. "तुझ्या आवशीच्या मावशीचो घोव आजारी आसा," ती म्हणाली. "पण तो गेलो तरी तेचा तुका काय नाय. मुलगो आवडना नाय तर बापाशीक तसा सांग. मेल्या मानसाक कित्या मधी घालतंस?"

मुलगी रडत वर गेली आणि बापाला तसं सांगून मोकळी झाली. पुढे तिने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि पहिली पत्रिका आतेला आणून दिली. आतेने पत्रिकेवरचं मुलाचं आडनाव वाचलं आणि म्हणाली, "हेंच्यात तेरा दिवस धरतत. ध्यानात ठेव." लग्नाच्या पत्रिकेवर असा आशीर्वाद देणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आता जिला दुसऱ्यांच्या कुळांचा एवढा सोस, तिच्या स्वतःच्या कुळाचं काय, ते सांगायला हवं. आतेला मालवणजवळच्या एका वाडीत दिली होती. वर्ष-दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि आतेला मुंबईच्या गाडीत बसवलं. मूलबाळ नव्हतं. तिकडून नंतर कुणी फिरकलं नाही. आजोबा तेव्हा गिरणीत होते. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हव हंयच." ती राहिली. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मिरच्यांचे देठ खुडायला जाऊ लागली आणि म्हातारी होईपर्यंत जात राहिली. तिच्या अंगाला कायम मिरचीचा वास असायचा. लहानपणी तिच्या कुशीत झोपलं की हमखास शिंका यायच्या.

पण आतेच्या शास्त्राप्रमाणे बाईचं लग्न झालं की ती सासरच्या कुळाची. नवऱ्याने ठेवली काय, हाकलली काय, कूळ तेच. त्यामुळे ती आमच्या खोलीत राहायची, आमच्या ताटात जेवायची, माझी वेणी घालायची, पण हिशेबाने ती आमची नव्हती. ती त्या वाडीतल्या घराची होती. आणि त्या भावकीत कुणीही गेलं, चुलत, चुलतचुलत, ज्याचं तोंडही तिने पाहिलेलं नाही असा कुणी, तरी आते आमच्या खोलीत मोरीजवळच्या कोपऱ्यात चटई टाकून दहा दिवस बसायची. देवाला हात नाही, फोडणीचं खाणं नाही, डोक्याला तेल नाही. आम्ही तिला शिवायचं नाही. शिवलं तर आंघोळ. एवढ्याशा खोलीत सहा माणसं, त्यात एकाला सुतक आणि पाच जणांना नाही. मोरीकडे जाताना आम्ही भिंतीला पाठ घासत जायचो. मला शाळेत उशीर झाला की मी मुद्दाम शिवायची, म्हणजे पुन्हा आंघोळ आणि शाळेला दांडी.

सुतकात टीव्ही चालतो की नाही याबद्दल जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नाही. तो निकाल तिने स्वतः दिला. बघायचा नाही, ऐकायचा. टीव्हीकडे पाठ करून ती बसायची आणि मालिका ऐकायची. मधूनच विचारायची, "आता कोण रडता? सून काय?" आम्ही सांगायचो. मी एकदा म्हटलं, "आते, बातमी कानावर आली की सुतक लागतं ना? मग कानानेच मालिका कशी चालते?" त्यावर "गप बस" हा निकाल मिळाला.

आई वैतागायची. तिचं चूक नव्हतं. "वन्सं, ज्यांनी तुम्हाला कधी घोटभर चहा विचारला नाही, त्यांच्यासाठी तुम्ही कोपऱ्यात बसायचं, आणि दहा दिवस देवाचं, स्वयंपाकाचं सगळं मी एकटीने करायचं?"

"घरातना भायर काढल्यानी गो," आते शांतपणे म्हणायची. "कुळातना भायर काढूची सोय नाय आसा."

समोरच्या खोलीत म्युनिसिपल शाळेतल्या एक शिक्षिका राहायच्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. बौद्ध घर, सुतकबितक काही नाही. मॅडमची आई गेली तेव्हा स्मशानातून आल्यावर त्यांनी चहा टाकला. चाळीतल्या बाया उंबऱ्यातच घोटाळल्या. आते सरळ आत जाऊन बसली आणि पहिला कप तिने उचलला. "तेंच्यात धरनत नाय. मग माका चाय पिवक काय झाला?" नियम म्हणजे नियम, मग तो दुसऱ्याच्या घरचा असला तरी. पण ते दहा दिवस तिने आमचा टीव्हीही लावू दिला नाही, हे मॅडमनी पाहिलं होतं.

म्हणूनच मॅडम तिच्याशी भांडू शकायच्या. एकदा आते कोपऱ्यात बसलेली असताना दारातूनच त्या म्हणाल्या, "आते, मेल्यावर दहा दिवस. आणि जिवंतपणी? जिवंतपणी तुम्हाला कुणी किती दिवस धरलं?"

आई चपापली. मला वाटलं आता आते चिडणार. ती चिडली नाही. "सुतक म्हंजे शिक्षा नाय ओ मॅडम," ती म्हणाली. "हजेरी आसा ती. घरातला मानूस गेला काय घरातल्यानी सांगूचा, मी आसंय. तेनी माझी हजेरी घेतल्यानी नाय, म्हणान मी देवची नाय काय?"

संध्याकाळी मॅडमनी बिनफोडणीची डाळ करून पाठवली.

पण हजेरी द्यायची तर आधी नाव पुकारलं गेलं पाहिजे. तीच खरी गोम होती. त्या घरातून आतेला कधीही, कुणीही, काहीही कळवलं नाही. बातम्या ती स्वतः मिळवायची. कोकणातून रात्रभर येणारी एक खाजगी बस परळला सकाळी माणसं, फणस आणि तांदळाच्या गोणी उतरवते. तिचा ड्रायव्हर त्या वाडीच्या शेजारच्या गावातला. दर रविवारी आते थर्मासमध्ये चहा घेऊन त्या बसपाशी जायची. सामान उतरेपर्यंत ड्रायव्हरला चहा पाजायची आणि विचारायची, "काय रे, वाडयेत सगळी बरी आसत मां?" ड्रायव्हर बरं माणूस. बारसं, लग्न, भांडण, सगळं सांगायचा. मी लहानपणी तिच्याबरोबर जायची. फणसाच्या वासात उभं राहून ही बाई अशा घराची खुशाली विचारायची, जिथे हिची खुशाली विचारणारं कुणी नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही; मला फणस मिळायचा.

आजोबा गेले तेव्हा तर बाबांनी तिच्याशी अबोला धरला होता. आम्ही सगळे दहा दिवस सुतकात. आते चौथ्या दिवशी उठली, डोक्यावरून आंघोळ केली आणि कपाळाला कुंकू लावलं. लग्न झालेल्या लेकीला बापाचे तीन दिवस. बाबांना ते इतकं लागलं की ते ओरडले, "बाय, बापूस गेलो हा आपलो! तीन दिवसांत फिटलो?"

आतेने स्टोव्ह पेटवला आणि भात टाकला. नंतर आईला म्हणाली, "तुमी सगळी सुतकात. कोणतरी मोकळा व्हया मां? नायतर तुमका जेवूक कोण घालतला?" पुढचे सात दिवस ती एकटी रांधत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाढत होती, आणि भाताला वाफ आली की झाकण काढायच्या निमित्ताने पदराने डोळे पुसत होती. लेकीला तीन दिवस का, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. बाबांना कळायला वेळ लागला.

माझ्या लग्नात मात्र तिच्या शास्त्राने आमची अब्रू राखली. म्हणजे तसं आम्हाला तेव्हा वाटलं. लग्नाला दोन दिवस होते. दादरचा हॉल ठरलेला, पाहुणे निम्मे आलेले. आमच्या गावचे एक चुलत आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळून होते आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती. ते गेले तर आम्हाला सुतक आणि लग्न पुढे. अशा वेळी आमच्याकडची रीत अशी की बातमी कानावर येऊच द्यायची नाही. कळलं नाही तर सुतक लागत नाही. दुपारी बाबांच्या मोबाइलवर गावच्या चुलतभावाचा फोन आला. बाबांनी तो हातभर लांब धरला आणि खोलीभर ओरडले, "आवाज येना नाय! नेटवर्क नाय! मागसून कर!" आणि बंद केला. पुन्हा वाजला. बाबांनी तो उशीखाली घातला आणि उशीवर बसले. आईच्या मोबाइलवर आला. आईने तो तांदळाच्या डब्यात टाकला. पाहुण्यांनी आपापले फोन भराभर बंद केले. लग्नघरात एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. डब्यातून तेवढा फोन वाजत होता.

आते मिरच्या निवडत बसली होती. ती उठली. "कान झाकलास म्हणान तो उठान बसतलो काय रे?" ती बाबांना म्हणाली. "मेल्या मानसाक असो ताटकळत ठेवू नये. भटजीक बोलाव. देवक आत्ताच बसव."

देवक बसलं की मग सुतक लग्नाला आड येत नाही, असं तिचं शास्त्र. देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं होतं. भटजी परळहून स्कूटरवर आले. आंब्याची डहाळी मॅडमच्या ओळखीच्या फुलवाल्याकडून आली. घाईघाईत देवक बसलं, माझ्या अंगाला हळद लागली, आणि मग आतेने तांदळाच्या डब्यातून फोन काढून, पदराने पुसून बाबांच्या हातात दिला. "आता लाव. नि नीट ऐकान घे."

बाबांनी डोळे मिटून फोन लावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडून चुलतभाऊ करवादला, "अरे, दुपारपासून फोन करतंय! आमसुला किती आणू, दोन किलो की तीन?"

ते चुलत आजोबा पुढे चार वर्षं जगले. माझ्या मुलाच्या बारशाला येऊन जेवून गेले. त्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगितली, तर ते आतेला म्हणाले, "बाय, माझ्यासाठी देवक लवकर बसयलंस म्हणे. बरा केलंस." दोघं हसून हसून खोकायला लागली.

आतेचा नवरा गेला ती गोष्ट माझ्या लग्नाच्या थोडी आधीची. मी तेव्हा कॉलेजात. रविवारी आते बसवरून परत आली ती थर्मास तसाच भरलेला घेऊन. दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "आंघोळीचा पाणी काढा." मग सांगितलं. तो जाऊन आठवडा झाला होता. ड्रायव्हरला वाटलं होतं तिला कळवलं असेल. त्या घरातल्या लोकांनी सगळ्या गावाला कळवलं, मुंबईत शिवडीला राहणाऱ्या भाऊबंदांनाही कळवलं. शिवडीहून लालबाग केवढं लांब! पण त्याच्या लग्नाच्या बायकोला कुणी कळवलं नाही.

बाबा संतापले. "धरू नको तू सुतक. त्या मानसाचा?"

"तेचा नाय रे. घराचा," आते म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, आणि कोपऱ्यात चटई टाकली. त्या वेळी टीव्हीकडे पाठ करूनसुद्धा ती बसली नाही. टीव्ही लागलाच नाही. एकदा मी शाळकरी पोरीसारखी मुद्दाम तिला जाऊन शिवले, मिठीच मारली. ती ओरडली नाही. म्हणाली, "एकदा तरी तेनी आपणहून सांगूक व्हया होता गो. 'वयनी, असा असा झाला.' बस. दुसरा माका काय नको तेंच्याकडसून." आणि मग, "जा, आंघोळ कर."

तिला त्या लोकांकडून हवं होतं ते एवढंच, एक निरोप. तो शेवटपर्यंत आला नाही.

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता आते गेली. सकाळचा चहा झाला, मिरच्यांचं सूप मांडीवर घेतलं, आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. चार-पाच दिवसांवर गणपती होते. स्वतःच्या सुतकाचा निकाल तिने केव्हाच देऊन ठेवला होता: "मी माहेरात मेलंय तर भावाक तीन दिवस. चौथ्या दिवशी आंघोळ करा नि गणपती आणा. माझ्यापायी देवाक भायर ठेवू नकात." माझं लग्न होऊन मी शीवला गेलेली, तेव्हा मला तर काहीच नाही. जिने मला न्हाऊमाखू घातलं, ती आते गेली, आणि शास्त्राने मला नुसती आंघोळ दिली. मला त्या शास्त्राचा एवढा राग कधी आला नव्हता.

बाबांनीच तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "त्या वाडीत कळवायला हवं."

"कित्याक?" बाबा उसळले. "तेनी कधी कळवल्यानी? तेंका काय पडलेली नाय. शिवाय गणपती तोंडार इले. तू सांगशीत नि तेंच्या मूळ घरात गणपती बंद. शिव्या घालतले तुका नि माझ्या मेल्या भयणीकपण. माका ता ऐकाचा नाय."

त्यांचं भय खरं होतं. न कळवलं तर त्यांचा गणपती सुखरूप, आमचाही. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. फक्त आते कुणाचीच नव्हती असं ठरत होतं. आमची ती शास्त्राने नव्हती आणि त्यांची त्यांनी केली नव्हती. आई म्हणाली, "कळवा. शिव्या घातल्या तर घालू देत. वन्संनी जन्मभर दुसऱ्यांचं कळवून घेतलं. त्यांचं आपण लपवायचं?"

ड्रायव्हरकडून मी नंबर घेतला. फोन आतेच्या दिराच्या मुलाने, म्हणजे तिच्या पुतण्याने उचलला. मागे ठोकाठोकी चालली होती, मखराचं काम असावं. मी सांगितलं, "मी मुंबईहून बोलते. तुमची काकी काल गेली."

ठोकाठोकी थांबली. "खयची काकी?" असं तो विचारणार याची मी तयारी ठेवली होती. त्याने विचारलं, "काल किती वाजता?" मी सांगितलं. "तू कोण?" मी म्हटलं, भाची. "बरा झाला सांगितलंस," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

"ठेवल्यान मां?" बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

चौथ्या दिवशी बाबांनी आंघोळ केली. चतुर्थीला गणपती आले. दरवर्षीच्याच जागी, दरवर्षीचीच आरती. आईने मोदक केले, पण उकड दोनदा बिघडली. मी शीवहून गेले होते. आरतीत बाबा नुसत्या झांजा वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. आईने पाहुणा समजून म्हटलं, "या, आत या, दर्शन घ्या."

तो दोन पावलं मागे सरकला. "नको मामी. तुमच्याकडे गणपती बसलो हा. माका सुतक आसा." मग बाबांकडे वळून म्हणाला, "मामा, काकीक न्हेवक इलंय. अस्थी आमका द्येवा. दहावो आमच्या व्हाळाच्या पाण्यार करतलंव."

बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना मामा म्हणणारं त्या घरातलं कुणी आजवर भेटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुमचो गणपती?"

"आणूक नाय ह्या वर्सा. मूळ घरातली काकी गेली, गणपती कसो आणतलंव? आमच्या अख्ख्या भावकीत नाय."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला त्या माणसाचा हेवा वाटला. माझ्या आतेसाठी तिकडे डोंगराआड सगळ्या घरांत पाट रिकामे होते, तिला कधी न पाहिलेली पोरं आरतीवाचून बसली होती, आणि आम्ही इथे झांजा वाजवत होतो. तिला हे कळलं असतं तर ती किती सुखावली असती, या विचाराने मला रडू आलं, आणि रागही आला, की मग एवढी वर्षं कुठे होता?

ते मी बोलून दाखवलं. "जिवंत असताना एक फोन केला असता तर?"

त्याने मान खाली घातली. "लाज वाटायची गो. कोण मेला काय बसवालो येवन सांगी, तुमच्या काकीन मुंबैत दहा दिवस धरल्यान. आमची आवस आमका सांगी, ती थय पाळता, तुमी हंय नीट पाळा. काकाच्या वक्ताक मी फोन हातात घेतलो होतो. काय सांगतलंय तिका? खयच्या तोंडान?"

आईला त्याच्या जेवणाची काळजी. घरात सगळा नैवेद्याचा स्वयंपाक, मोदक, आणि हा सुतकातला, उपाशी, रात्रीपासून प्रवासात असलेला. त्याला गणपतीचा प्रसाद चालतो का? असं काही अडलं की विचारायचं कुणाला, ते माणूसच गेलेलं. आई तिथेच घुटमळली. "तुम्हाला मोदक चालतो का हो?" तिने शेवटी त्यालाच विचारलं.

"म्हायत नाय मामी," तो म्हणाला. "आमच्यात कोणाक धड म्हायत नाय. नियम म्हायत असलेली एकच बाई आमच्या घरात इली, नि तिकाच आमी भायर काढली." आणि तो एवढा थोराड माणूस गॅलरीच्या कठड्याला धरून रडायला लागला.

बाबा उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग दोन्ही हातांनी त्याला धरलं. संध्याकाळची आरती व्हायची होती. आईने आतून पाहिलं, आणि मोरीत जाऊन बाबांच्या आंघोळीसाठी नळाखाली बादली लावली.